चुणचुण म्हणजे गुण नव्हे

गैरसमज : फेसवॉश चुणचुणतोय, म्हणजे तो काम करतोय.

संवेदनशील त्वचेसाठी सौम्य एक्स्फोलिएटिंग फेसवॉश आणावा, पहिल्याच वापरात गाल लाल व्हावेत, आणि कोणीतरी ठामपणे सांगावं, "थोडं सहन कर, आतली घाण बाहेर पडतेय!" मैत्रिणी हेच सांगतात, पार्लरमध्ये हेच ऐकू येतं, व्हिडिओंमध्येही हेच. कितीदा खोडून काढलं तरी ही समजूत जात नाही. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर बोलू.

वस्तुस्थिती : त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे चपट्या मृत पेशींचे साधारण 15 ते 20 पदर. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी लिंपलेल्या असतात. आतलं पाणी टिकवायचं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ अडवायचे, हे या थराचं काम. वरच्या पेशी रोज आपोआप गळतात. फेसवॉशमधलं लॅक्टिक, मँडेलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल त्या पेशींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं, इतकंच. मृत पेशींना वेदना नसते, त्यामुळे या कामात चेहरा चुरचुरण्याची काहीही गरज नाही.

चुरचुर होते ती खालच्या जिवंत थरातल्या मज्जातंतूंची टोकं चाळवली गेल्यामुळे. एक तर वरचा थर कमकुवत झालेला असतो किंवा मज्जातंतूच जास्त हळवे असतात. दोन्ही वेळी घाण बाहेर पडत नसते, आम्ल आत झोंबत असतं.

यावर शंका असेल तर 1977 सालचं फ्रॉश आणि क्लिगमन या संशोधकांचं काम पाहा. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीवर लॅक्टिक आम्ल लावून कोणाला चुणचुणतं हे त्यांनी तपासलं. त्याच धर्तीची चाचणी आजही संवेदनशील त्वचा ओळखायला वापरतात. म्हणजे त्वचाविज्ञानात चुणचुण हे संवेदनशीलतेचं लक्षण मानतात. प्रसाधनाचा गुण तिच्यावरून कोणी मोजत नाही.

सावळ्या-गव्हाळ त्वचेला हा गैरसमज जास्त महागात पडतो. आपल्या त्वचेत दाह झाला की मेलॅनिन वाढतं आणि काळे डाग मागे राहतात, ते जायला कित्येक महिने लागतात. चेहरा उजळावा म्हणून सोसलेली आग डाग देऊन जाते.

आणि नुसत्या पाण्यानेही चेहऱ्याची आग होत असेल तर दोष फेसवॉशचा नसेलही. गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे का, ते आधी बघा. भारतातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांच्या पाहणीत 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, असं 2011 साली त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे. अशा वेळी नवा फेसवॉश शोधू नका. डॉक्टरांकडे जा.

आता बाकीचे गैरसमज.

दाणेदार असेल तरच मृत त्वचा निघते : नाही. संवेदनशील चेहऱ्यावर अक्रोडाची भरड किंवा खरखरीत उटणं घासणं उलट घातक.

लिंबू घरचं, म्हणून सुरक्षित : लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या. रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टेही उठतात.

वाफेने रंध्रं उघडतात : रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात.

एक्स्फोलिएशनने गोरेपणा येतो : मृत पेशी गेल्याने तजेला येतो, मूळ रंग बदलत नाही.

'हायपोअ‍ॅलर्जेनिक' लिहिलंय, म्हणजे निर्धास्त : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्यानुसार तिथे या शब्दाची कायदेशीर व्याख्याच नाही.

मग फेसवॉश वापरून पाहायचा कसा? आधी कोपराच्या आतल्या बाजूला सात ते दहा दिवस लावून पाहा. तिथे काही झालं नाही, तर चेहऱ्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री. कोमट पाणी, फक्त बोटांची टोकं, अर्धा मिनिट, मग भरपूर पाण्याने धुणं, लगेच मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. त्याच काळात दुसरं कुठलंही आम्ल किंवा रेटिनॉल नको. ग्लुकोनोलॅक्टोनसारख्या मोठ्या रेणूचं आम्ल त्वचेत सावकाश शिरतं, म्हणून हळव्या त्वचेने सुरुवात त्याने करावी.

चुरचुरलं तर त्याच क्षणी धुऊन टाका आणि चेहरा पूर्ण शांत होईपर्यंत पुन्हा लावू नका. दुसऱ्यांदाही तेच झालं, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी नाही. पैसे वाया गेले म्हणून बाटली संपवत बसू नका.