मायक्रोआरएनए: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, एवढं शाळेत शिकून आपण पुढे जातो. मग ज्या आरएनएपासून प्रथिन बनतच नाही तो कचरा असणार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मायक्रोआरएनए हा जेमतेम 22 अक्षरांचा तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून संदेशवाहक आरएनएवरची जुळणारी अक्षरं हेरतो. त्या संदेशापासून प्रथिन बनणं मंदावतं आणि बहुतेकदा संदेशच लवकर नष्ट होतो. मूळ डीएनएला धक्काही लागत नाही.

हा प्रकार सूत्रकृमींपुरताच आहे, असं एके काळी शास्त्रज्ञांनाही वाटे. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये लिन-4 हा पहिला मायक्रोआरएनए एक मिलिमीटरच्या कृमीत दाखवला, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2000 मध्ये लेट-7 सापडला. तो माशांतही होता आणि माणसांतही. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं.

इतक्या चिमुकल्या तुकड्याने कितीसा फरक पडणार? याला टेक्सेल मेंढी हे माझ्या मते सर्वांत बोलकं उत्तर आहे. मूळच्या नेदरलँड्समधल्या या मेंढीचे स्नायू विलक्षण भरदार असतात. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं मायोस्टॅटिन हे प्रथिन तिच्यात अगदी निर्दोष असतं. बदललेलं असतं ते जनुकातलं एकच अक्षर, तेही प्रथिनाची माहिती संपल्यानंतरच्या भागातलं. त्या एका बदलामुळे स्नायूंत मुबलक असलेल्या मायक्रोआरएनएंना तिथे चिकटायला नवी जागा मिळते, मायोस्टॅटिन कमी बनतं आणि स्नायू फुगतात. 2006 मध्ये हे उलगडलं. नुसत्या प्रथिनाकडे पाहणाऱ्याला ही मेंढी कधीच कळली नसती.

मायक्रोआरएनए नेहमी दाबूनच टाकतो, हेही पूर्ण खरं नाही. यकृतातला एमआयआर-122 हिपॅटायटिस सी विषाणूच्या आरएनएला चिकटतो आणि उलट त्याला टिकवून धरतो.

शेवटचा गोंधळ औषधांचा: आरएनएचं प्रत्येक औषध म्हणजे मायक्रोआरएनए नव्हे. 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे एसआयआरएनए आहे, म्हणजे एकाच संदेशाला लक्ष्य करणारा, कृत्रिमरीत्या घडवलेला रेणू. एक मायक्रोआरएनए मात्र शेकडो संदेशांना हात लावू शकतो, म्हणून त्याचं औषध करणं कितीतरी अवघड. ‘आरएनए उपचार’ म्हणून कुणी काही सुचवलं, तर तो नेमका कोणता आरएनए आणि त्याचं लक्ष्य कोणतं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.