हुर्राकाचा घोट आणि आजोबांच्या गोळ्या

एप्रिल उजाडला, की शीव कोळीवाड्यातील आपल्या घरी गोव्याच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. पहाटे दादरला गाडीत बसावे, दुपारी मडगाव गाठावे आणि रात्री ओल्या काजूची उसळ, सुक्या सुंगटांची किसमूर, कैरीचे लोणचे असे ताट समोर यावे. अशा वेळी आजोबा हळूच विचारतात, ‘‘हुर्राक मिळेल का रे?’’ सून मुलाकडे पाहते आणि मुलगा औषधांच्या डबीकडे.

आजोबांच्या प्रश्नाला कारण आहे. फाळणीनंतर आपल्या वस्तीत आलेल्या पंजाबी कुटुंबांच्या खाणावळींतून ‘कोळंबी कोळीवाडा’ देशभर पोहोचली. हुर्राकाचे तसे नाही. तो टिकत नाही. मार्च ते मे या काळात तिथेच जाऊन घ्यावा लागतो. काजूची बोंडे तुडवून रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक. पुन्हा ऊर्ध्वपातन केले, की फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हुर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के, तर फेणीत 42 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फेणीच्या 30 मिलिलिटरमध्ये जेवढा मद्यार्क, जवळजवळ तेवढाच हुर्राकाच्या 85 मिलिलिटरमध्ये. हुर्राक ‘हलका’ म्हणून पेला भरून घेणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढेच मद्य रक्तात अधिक चढते. झोपेच्या गोळीबरोबर ते घेणे धोक्याचेच. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर मध्यरात्री साखर एकाएकी खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारे औषध, यकृताचा विकार, अलीकडचे पडणे यांपैकी काही असेल, तर उत्तर ‘नाही’ हेच. निरोगी माणसालाही पूर्णतः सुरक्षित असे मद्याचे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून जो घेत नाही, त्याला आग्रह करू नये.

पण हा निर्णय ताटावर बसून, नातवंडांदेखत करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना आजोबांच्या समक्षच विचारावे. आजोबांना त्यात राग येत नाही. परस्पर डबी लपवली, की येतो. डॉक्टरांनी मुभा दिली, तर परवानाधारक दुकानातूनच घ्यावा, मोजून घ्यावा, जेवणाबरोबर घोटाघोटाने घ्यावा. त्यात लिंबू-सोडा चालेल. गोड शीतपेय व मीठ घालण्याची तिकडची रीत मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांसाठी नव्हे. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवावा. उरलेली बाटली सामानात घालून आणू नये, तो गुन्हा ठरतो.

आणि मुभा मिळाली नाही तर? सकाळी लवकर एखाद्या काजूच्या बागेत जावे. तुडवलेल्या बोंडांवर भार ठेवला, की जो स्वच्छ रस थेंबथेंब गळतो, तो निरो. ताजा असताना त्यात मद्य नसते. दुपारपर्यंत मात्र तो आंबू लागतो. साखर भरपूर, म्हणून मधुमेह असल्यास चार घोटच. वास मात्र तोच, हुर्राकाचा. आजोबांना भट्टीजवळ खुर्ची टाकून द्यावी आणि त्यांच्या लहानपणीच्या उन्हाळ्याविषयी विचारावे.