ठासणीची बंदूक, तिची माशी आणि उतरत्या वयाची नजर

ठासणीच्या बंदुकीने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: नळीच्या मागील भागावरची खाच, तोंडाजवळची माशी आणि लक्ष्य. या तिन्हींचे डोळ्यापासूनचे अंतर वेगवेगळे असते. तरुण डोळा त्यांच्यामध्ये इतक्या चपळाईने ये-जा करतो, की तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत असल्याचा भास होतो. पंचेचाळिशीच्या आसपास हा भास मोडू लागतो. प्रथम खाचेच्या कडा विरघळतात, मग माशी धूसर होते आणि वर्षानुवर्षे रान राखलेला मनुष्य बंदुकीला बोल लावू लागतो. दोष बहुधा बंदुकीचा नसतो आणि उपायही फारसा खर्चिक नसतो.

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची, म्हणून ही ठासणीची बंदूक. बार पेटविण्याच्या रीतीवरून तिचे तीन मुख्य प्रकार होतात. जळता तोडा रंजकीला, म्हणजे बार पेटविणाऱ्या दारूला, लावणारी ती तोड्याची बंदूक, गारेच्या ठिणगीने रंजक पेटविणारी ती चकमकीची आणि घोड्याच्या आघाताने तांब्याची टोपी फोडणारी ती टोपीची, म्हणजेच केपाची. दुसरा भेद नळीच्या अंतर्भागावरून पडतो. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. तीत पेचदार खोबणी पाडलेली असेल तर ती रायफल. खोबणीमुळे गोळीला फिरकी मिळते व ती आपला मार्ग धरून राहते. गुळगुळीत नळीतून सुटलेली एकगोळी पन्नास-साठ मीटरपलीकडे फारशी विश्वासाची नसते. म्हणून दर्शक, म्हणजे खाच व माशी, सुधारून लाभ होतो तो मुख्यतः रायफलीत. साध्या बंदुकीत तो जवळच्या अंतरापुरताच मर्यादित राहतो, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

सोलापूर परिसराला ही विद्या नवी नाही. मंगळवेढे तालुक्यात माचणूर-ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात पडली होती. त्याच्या अखेरच्या मोहिमेत, १७०५ साली, सुरपूरजवळच्या वाकिनखेड्याला पिड्या नाईकाच्या बेरड बंदूकचींनी मोगली फौजेला दीर्घकाळ झुंजविले. बेरडांच्या नेमबाजीचा त्या काळी दरारा होता. छत्रपती शाहूंचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्या वंशजांचे अक्कलकोट येथील शस्त्रागार जिल्ह्यात प्रसिद्धच आहे. जुन्या शस्त्रांची घडण समजून घेऊ इच्छिणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

तोड्याच्या हिंदी बंदुकांची नळी पुष्कळदा लांबच लांब असे. खाच व माशी यांमधील अंतराला आपण दर्शकांतर म्हणू. हे अंतर जितके अधिक, तितकी नेमातली चूक कमी. माशी अर्ध्या मिलिमीटरने चुकीच्या जागी धरली गेली आणि दर्शकांतर एक मीटर असले, तर पन्नास मीटरवर गोळी पंचवीस मिलिमीटर सरकते. दर्शकांतर अर्ध्यावर आले, तर तीच चूक पन्नास मिलिमीटरची होते. लांब नळीचा दुसरा गुण असा, की तीत माशी डोळ्यापासून दूर राहते आणि वृद्ध डोळ्याला दूरची वस्तू जवळच्या वस्तूपेक्षा सोपी जाते. जुन्या कारागिरांनी हा हिशेब मांडला असेल-नसेल, पण त्यांच्या लांब नळ्या आज साठीतल्या माणसाच्या पथ्यावर पडतात.

मागील दर्शकाबाबत मात्र आपल्याकडे बहुधा साध्या खाचेवरच भागविले गेले. तुर्की बंदुकांवर मागे धातूची उभी पट्टी असे व तीत एकाखाली एक बारीक छिद्रे पाडलेली असत. जसे अंतर, तसे छिद्र निवडावयाचे. तुर्की कारागिरांचा दख्खनशी संबंध होता. पूर्वी परांड्याच्या किल्ल्यात असलेली व आज विजापुरात असलेली मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतणारा महंमद बिन हुसेन हा रूमी, म्हणजे तुर्की मुलखाचा होता.

पुढे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हिंदुस्थानात आली. तिची नळी ३९ इंचांची, आत तीन खोबणी आणि मागे अंतराचे आकडे कोरलेली, उभी करता येणारी शिडी. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या व त्यांवरील शिडीच्या जागी स्थिर खाच बसविण्यात आली. शिपायाने दूरवर अचूक मारू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. हिंदी बंदुकीवरील दर्शकांचे दारिद्र्य काही अंशी राजकीय आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

आज ही बंदूक टिकून आहे ती शेतीमुळे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. ज्वारी, मका किंवा भुईमूग राखणारा, माळ्यावर रात्र काढणारा शेतकरी पुष्कळदा उतारवयातलाच असतो, कारण तरुण मुले पुण्याला गेलेली असतात. बंदुकीचे काम बहुतेक वेळा आवाजाचेच असते. वनविभागाच्या अनुमतीवाचून रानडुकरावरही गोळी झाडता येत नाही आणि काळवीट व माळढोक यांना तर कायद्याचे कडक संरक्षण आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगतच्या गावांना आणखी एक नियम लागू होतो. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वनविभागाकडे आपली नोंदणी केली पाहिजे, असे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम सांगतो.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्यातील नेत्रभिंग लवचिक असते. जवळची वस्तू पाहताना भोवतीचा स्नायू आवळला जातो, भिंग फुगते आणि त्याची शक्ती वाढते. या क्रियेला समायोजन म्हणतात. वयाबरोबर भिंग कठीण होत जाते आणि स्नायू शाबूत असूनही ते फुगेनासे होते. समायोजनाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. दहाव्या वर्षी ती सुमारे १३ ते १४ डायॉप्टर असते. चाळिशीत ती ५ च्या आसपास उतरते आणि साठीत जेमतेम १ उरते. ठासणीच्या लांब बंदुकीची खाच डोळ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर असते. तिच्यासाठी अडीच डायॉप्टर लागतात. माशी एक मीटरवर असते, तिला एक डायॉप्टर पुरतो. लक्ष्याला जवळजवळ शून्य. साठीचा डोळा खाच सोडून देतो, माशीवर कसाबसा पोचतो आणि तेथे फार वेळ टिकत नाही.

अशा वेळी वाचनाची चाळिशी लावून बंदूक हाती घेणे ही नेहमीची चूक होय. दोन डायॉप्टरच्या चष्म्यातून अर्ध्या मीटरवरची वस्तू लख्ख दिसते. माशी अंधुक होते आणि लक्ष्य तर नाहीसेच होते. द्विकेंद्री चष्म्याचा उपयोग त्याहून कमी. दस्त्यावर गाल टेकल्यावर मान पुढे झुकते आणि दृष्टी भिंगाच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते, तर वाचनाचा भाग राहतो खाली.

योग्य मार्ग मधला आहे. दूरच्या नजरेचा जो क्रमांक असेल, त्यात अर्धा डायॉप्टर मिळवून एक साधा चष्मा करून घ्यावा. त्यायोगे डोळा विश्रांत असताना दोन मीटरवर केंद्रित होतो. लक्ष्य व माशी ही दोन्ही त्या केंद्रापासून सारखीच, अर्ध्या-अर्ध्या डायॉप्टरने दूर पडतात आणि दोन्ही कामापुरती दिसतात. चष्मेवाल्याला बंदूक दाखविता येत नसली तरी डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर मोजून सांगता येते. एवढ्यावर त्याचे काम होते. हा चष्मा ठासणीच्या बंदुकीला दुसऱ्या कारणानेही हवा. रंजकीचा भडका आणि फुटलेल्या टोपीचे तुकडे डोळ्याच्या अगदी जवळ उडतात.

दुसरा आणि अधिक गुणकारी उपाय म्हणजे खाचेऐवजी छिद्र. बंदूकवाले त्याला पीप साइट म्हणतात. आपण छिद्रदर्शक म्हणू. बारीक छिद्रातून पाहिले की डोळ्यात शिरणारी किरणशलाका अरुंद होते आणि केंद्राबाहेरची वस्तू फारशी पसरत नाही. हा परिणाम आकड्यांत मांडता येतो. बाहुली तीन मिलिमीटर उघडी असेल व केंद्र एक डायॉप्टरने चुकले असेल, तर बिंदूचा जो ठिपका दिसतो तो पन्नास मीटरवर पंधरा सेंटिमीटर रुंद भासतो. तोच डोळा वर सांगितलेल्या चष्म्यासह सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून पाहू लागला, की ठिपका सुमारे तीन सेंटिमीटरवर येतो. छिद्राची स्वतःची कड अंधुक दिसते, पण तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. डोळा वर्तुळाचा मध्य आपोआप गाठतो. त्यामुळे एकाग्र करावयाच्या तीन वस्तूंतली एक वजा होते, हा छिद्राचा खरा उपकार. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारातही मागील दर्शक छिद्राचाच असतो. तेव्हा याला म्हातारपणाची कुबडी समजू नये.

छिद्र मिलिमीटरहून बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रतिमा उलट बिघडते. शिवाय प्रकाश घटतो. सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून तीन मिलिमीटरच्या बाहुलीच्या मानाने सहावा हिस्साच प्रकाश आत येतो. साठीतल्या दृष्टिपटलावर मुळातच विशीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोचतो, हे त्यात मिळवावे. म्हणून दुपारच्या चांदमारीला बारीक छिद्र उत्तम आणि दिवेलागणीला ते निरुपयोगी. संध्याकाळसाठी चार-पाच मिलिमीटरचे, पातळ कडेचे कडे बरे. त्याहून अंधार झाला, की बंदूक बाजूला ठेवावी. जे ओळखता येत नाही त्यावर नेम धरू नये. पिकात शिरलेले डुक्कर आणि पिकात वाकलेला शेजारी अंधारात सारखेच दिसतात.

छिद्रदर्शक नळीच्या मागच्या शेपटीवर, घोड्याच्या आड न येईल असा बसवितात. तो डोळ्यापासून पाच सेंटिमीटरहून जवळ नसावा. धक्क्याने भुवई फुटते. तोड्याच्या सरळ, सडपातळ दस्त्याच्या बंदुकीवर मात्र छिद्रदर्शकाला जागाच मिळत नाही. तेथे खाच नळीवर पुढे सरकविणे आणि ती रुंद, चौकोनी करणे हाच मार्ग. निमुळती खाच वृद्ध डोळ्याला तळाशी काळ्या ढगासारखी दिसते.

माशीचा विचार स्वतंत्रपणे करावा. तरुणपणी बारीक माशी आवडते. उतरत्या नजरेला दोन ते अडीच मिलिमीटर रुंदीचे, सरळ माथ्याचे पाते अधिक मानवते. मागच्या खाचेत त्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसली पाहिजे. ती नसेल तर खाच कानशीने रुंद करून घ्यावी. पितळी मणी छानसा दिसतो, पण सोलापूरच्या उन्हात तो फसवतो. मण्याची उन्हाकडची बाजू चकाकते, डोळा तीच माशी समजतो आणि गोळी उन्हाच्या विरुद्ध दिशेला जाते. जुने नेमबाज माशीवर काजळी धरीत. त्याला कापराची वडी उत्तम. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, दारूचे शिंग दूर ठेवून, कापराच्या ज्योतीवर माशी क्षणभर धरली की मखमली काळा लेप चढतो आणि काम झाल्यावर फडक्याने पुसला जातो.

दर्शक बदलला की मारा सरकतो, मग तो बेताने जुळवावा लागतो. मागचा दर्शक ज्या दिशेला हलवावा त्या दिशेला गोळी जाते. माशीचे नेमके उलट. गोळी पन्नास मीटरवर दहा सेंटिमीटर खाली लागत असेल व दर्शकांतर ऐंशी सेंटिमीटर असेल, तर माशी १.६ मिलिमीटरने कमी करावी लागेल. एकदम एवढी घासू नये. थोडी घासावी, तीन गोळ्या टाकाव्यात, मग पुढे जावे. घासलेले परत येत नाही. बंदूक शंभर वर्षांवरची वा घराण्यातली असेल, तर नळीला भोक पाडून काही बसवू नये. पट्टीने आवळता येणारे व काढून ठेवता येणारे साधन घ्यावे. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण शस्त्रांच्या दुरुस्तीचा व फेरफाराचा धंदा परवान्यावाचून करणे गुन्हा आहे.

यांपैकी कशालाही हात घालण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येते. जाड काळ्या कागदाला सुईने मिलिमीटरभर छिद्र पाडावे व चांगल्या उजेडात, चष्म्याशिवाय, त्यातून वर्तमानपत्र पाहावे. अक्षरे स्पष्ट झाली तर दोष केंद्रीकरणाचा आहे आणि वरील उपाय लागू पडतील. अक्षरे तशीच धुरकट राहिली तर मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असू शकतो. नेत्रतज्ज्ञही तपासणीत असेच छिद्र वापरतात. अशा डोळ्याला कोणताही दर्शक उपयोगाचा नाही. त्याने बंदूक कारागिराकडे नेण्याआधी डोळे डॉक्टरांकडे न्यावेत.