पॅराशूटचे स्वस्त कापड : उगम, गुण आणि विश्वास

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बेळगावच्या एखाद्या दुकानात 'पॅराशूटचे कापड' म्हणून पिशव्या, पावसाळी जाकिटे आणि मालावर घालायची आच्छादने विकली जातात. 'मिलिटरीचा माल आहे, फाटायचा नाही' अशी ग्वाही विक्रेता देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजते. हळर्णसारख्या पेडणे तालुक्याच्या आतल्या गावातील माणसाचा पॅराशूटशी संबंध पूर्वी एवढाच होता. आता तसे राहिलेले नाही. याच तालुक्याच्या किनाऱ्यावर हरमल-केरीच्या बाजूस छत्रीला लटकून उडण्याचे खेळ सुरू झाले, आणि मोसमात किनाऱ्यावर कामधंद्यासाठी जाणाऱ्यांत आतल्या गावांतील तरुणही असतात. पिशवी फाटली तर कांदे-बटाटे सांडतात. छत्री फाटली तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून हा स्वस्त माल येतो कोठून, तो स्वस्त का असतो आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव एक, वस्तू अनेक

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात ज्याला 'पॅराशूटचे कापड' म्हणतात, त्यातील बहुतेक कापड कधीही पॅराशूटसाठी विणलेले नसते. ते नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे पातळ, गुळगुळीत कापड असून त्याच्या आतल्या बाजूस पाणी झिरपू नये म्हणून रासायनिक लेप दिलेला असतो. 'पॅराशूट' हे त्याचे व्यापारी टोपणनाव होय.

खऱ्या पॅराशूटमध्येही दोन परस्परविरुद्ध जातींचे कापड असते. सैनिक ज्या गोल छत्रीने उतरतो, तिच्या कापडातून थोडी हवा आरपार जावी लागते. सर्व हवा अडली तर छत्री उघडताना जबर हिसका बसतो आणि खाली येताना ती लंबकासारखी झोके घेते. याउलट पॅराग्लायडर हा खरे पाहता कापडाचा पंख आहे. पुढच्या तोंडातून शिरलेली हवा आत कोंडली गेली तरच त्याला पंखाचा आकार येतो. त्यामुळे त्याच्या कापडातून हवा जवळजवळ जाताच कामा नये. म्हणजे एका छत्रीत जो गुण, तोच दुसरीत दोष. 'कापड चांगले आहे का?' हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. 'कशासाठी चांगले?' असे विचारावयास हवे.

रेशीम, ताग आणि नायलॉन

पहिल्या पॅराशूटना रेशीम वापरीत. ते हलके, मजबूत आणि घडीत कमी जागा घेणारे. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रुपक्षात गेल्यावर दोस्त राष्ट्रांचा जपानी रेशमाचा पुरवठा तुटला. त्या काळात म्हैसूरच्या रेशमाला पॅराशूटसाठी मोठी मागणी आली. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. त्याच सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झालेल्या नायलॉनने रेशमाची जागा घेतली. पुढे या नायलॉनमध्ये ठराविक अंतरावर जाड धागे घालून बारीक चौकडी विणण्याची पद्धत आली. कापडाला चीर गेली तरी ती पुढच्या जाड धाग्यापाशी अडते.

स्वस्त पॅराशूटचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र हिंदुस्थानातच घडले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला रसद विमानातून टाकावी लागे आणि पॅराशूटचा तुटवडा होता. तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांकडून चक्क तागाची पॅराशूट करून घेण्यात आली. स्लिम यांनी आपल्या आठवणींत दिलेल्या आकड्यांप्रमाणे एका तागी पॅराशूटला एक पौंडाहून थोडा अधिक खर्च येई. नेहमीच्या पॅराशूटला वीस पौंडांहून अधिक लागत. तागाची कार्यक्षमता नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे ८५ टक्के होती.

हा व्यवहार शहाणपणाचा होता, कारण ही पॅराशूट माणसांसाठी नव्हती. तांदळाच्या शंभर पोत्यांपैकी काही फुटली तरी सैन्य जेवते. शंभर माणसांच्या बाबतीत असा हिशेब कोणी करीत नाही. मालाची छत्री आणि माणसाची छत्री यांत कापडापेक्षाही मोठा फरक आहे तो चूक किती चालेल याचा. आजही शिलकी बाजारात येणाऱ्या छत्र्यांत मालाच्या छत्र्या असतात, आणि दिसायला त्या माणसाच्या छत्रीच्या बहिणीच वाटतात.

शिलकी माल निघतो कसा?

कानपूरचा पॅराशूट कारखाना १९४१ साली सुरू झाला. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यापासून तो 'ग्लायडर्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीत आहे. हिंदुस्थानी सैन्याची पहिली छत्रीधारी ब्रिगेड, ५० वी, तीही १९४१ चीच. आपल्या भागाशी तिचे नाते आहे. बेळगाव केंद्राच्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९५२ साली '२ पॅरा (मराठा)' झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या हाताखाली हीच ब्रिगेड उत्तरेकडून, डिचोली तालुक्याच्या वाटेने गोव्यात शिरली. पण ती आली जमिनीवरून, छत्र्यांशिवाय. तीच मराठा पलटण ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाइलजवळ खरोखर आकाशातून उतरली.

अशा सैन्याजवळ छत्र्यांचा साठा सतत असावा लागतो आणि तो सतत जुना होत असतो. त्यातून बाहेर पडणारा माल तीन प्रकारचा असतो.

पहिला, खरा शिलकी माल. गरजेपेक्षा अधिक बनलेला, कधी न वापरलेला. १९४५ नंतर ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांचा जो 'डिस्पोजलचा माल' आपल्याकडे विकला गेला, त्यात असा माल पुष्कळ होता.

दुसरा, मुदत संपलेला माल. प्रत्येक छत्रीला आयुष्य ठरवून दिलेले असते. अमेरिकन सैन्याच्या टी-१० या छत्रीला, साठवणीचा काळ धरून, सुमारे साडेसोळा वर्षांची मुदत होती. मुदत संपलेली छत्री पाहायला धडधाकट असू शकते. पण ती पुढेही टिकेल असे सांगण्याची जबाबदारी आता कोणी घेत नाही.

तिसरा, नापास माल. तपासणीत चीर, डाग, झिजलेल्या दोऱ्या किंवा उसवलेली शिवण आढळली म्हणून बाद केलेला. बाद छत्रीचा पुन्हा उपयोग होऊ नये म्हणून अनेक सैन्ये दोऱ्या आणि पट्टे कापूनच ती विकतात. कापलेल्या जागी नवी शिवण घातलेली छत्री कोणी विकावयास आणली, तर तिची कुंडली तेवढ्यावरूनच कळावी.

आपल्याकडे सरकारी बाद माल लिलावाने विकला जातो. एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत असे लिलाव होतात. लिलावात माल वजनावर किंवा ढिगावर जातो, मग ठोक व्यापाऱ्याकडून किरकोळ व्यापाऱ्याकडे. या प्रवासात तिन्ही प्रकार एका गाठोड्यात मिसळतात आणि हरवते ती छत्रीची नोंदवही. छत्री केव्हा शिवली, किती वेळा उघडली, कधी भिजली, कोणी तपासली, हे सर्व त्या वहीत असते. माल स्वस्त होतो तो मुख्यतः ही वही गेल्यामुळे. कापड कदाचित उत्तम असेल, कदाचित कुजलेले असेल. किंमत उतरते ती त्या 'कदाचित'ची.

डोळ्यांना न दिसणारे दोष

नायलॉनचा पहिला वैरी सूर्यप्रकाश. उन्हातील अतिनील किरण तंतूंच्या लांबलचक रेणूंना तोडतात. कडक उन्हात काही महिने पडलेले कापड रंगाने थोडेसेच फिकट दिसेल, पण ताकदीचा मोठा भाग गमावून बसेल. दुसरा वैरी खारे पाणी. ते सुकले की मिठाचे कण धाग्यांत राहतात आणि प्रत्येक घडीला काचेच्या भुकटीसारखे घासतात. तिसरा घर्षण. नायलॉन उष्णतेने वितळते. दोरी दोरीवर वेगाने घासली तरी ती भाजू शकते. ऊन, मीठ आणि वाळू हे तिन्ही गोव्याच्या किनाऱ्यावर बारमाही हजर असतात.

चौथा वैरी आम्ल. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही राखीव छत्र्यांचे कापड हाताने ओढताच फाटू लागले. या छत्र्या जुन्या नव्हत्या आणि कित्येक तर कधी उघडलेल्याही नव्हत्या. शोधाअंती असे आढळले, की छत्रीच्या झडपांना लावलेल्या जाळीच्या कापडात आम्लाचा अंश होता, आणि घडीत त्याला चिकटून राहिलेले नायलॉन हळूहळू कमजोर झाले होते. यावर दोन चाचण्या सुरू झाल्या. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाचा थेंब टाकून रंग पिवळा होतो का ते पाहणे, आणि कापड चिमट्यांत धरून ठराविक जोराने ताणणे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिली चाचणी ओळखीची वाटेल. तात्पर्य एवढेच, की 'नवे कोरे, वापरलेले नाही' हे शब्द गुणवत्तेचा पुरावा नव्हेत.

येथे एक आक्षेप येण्याजोगा आहे. अमेरिकेत १९५०-६० च्या सुमारास हौशी छत्रीधारींनी हा खेळ वाढविला तो सैन्याच्या शिलकी छत्र्यांवरच. मग आज भीती कसली? आक्षेप रास्त आहे. पण त्या छत्र्यांचे मूळ माहीत असे, त्या माणसासाठीच बनलेल्या असत, आणि प्रशिक्षित माणूस त्या तपासून घडी घालीत असे. एवढे करूनही जमिनीला पाय लागताना तडाखा बसे. गोल छत्री सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने उतरते, म्हणजे जवळजवळ १.८ मीटर उंच भिंतीवरून उडी मारल्यासारखे. कापड झिजून त्यातून अधिक हवा जाऊ लागली, की ही भिंत उंच होत जाते. पुढे चांगली साधने मिळू लागताच त्या लोकांनी शिलकी छत्र्या टाकून दिल्या.

पेडण्याच्या किनाऱ्यावर

१८ जानेवारी २०२५ रोजी केरी येथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याहून आलेली एक पर्यटक तरुणी आणि तिला घेऊन उडणारा चालक असे दोघेही मृत्युमुखी पडले. हा व्यवसाय विनापरवाना चालू असल्याचे त्या वेळी पोलिसांनी सांगितले. त्या अपघाताची कारणमीमांसा हा या लेखाचा हेतू नाही. परंतु पर्यटकाबरोबर चालकही गेला, ही गोष्ट आपण विसरू नये. साधनाच्या दर्जाचा प्रश्न हा केवळ गिऱ्हाइकाचा नसून तेथे पोट भरणाऱ्याचाही आहे.

पॅराग्लायडरसाठी युरोपात ईएन ९२६ हे मानक आहे. त्याच्या एका भागात पंखाची ताकद व दुसऱ्यात उडतानाचे वर्तन तपासले जाते. मात्र हे प्रमाणपत्र नव्या नमुन्याचे असते. दहा वर्षे वापरलेल्या पंखाचे नव्हे. म्हणून ठराविक तासांनंतर किंवा ठराविक वर्षांनी कापडातून हवा किती वेगाने झिरपते ते यंत्राने मोजावे आणि नमुन्याची दोरी तोडून तिची ताकद पाहावी, असे निर्माते सांगतात. अशा तपासणीत नापास झालेला पंख फेकून देण्याऐवजी कोणी कमी किमतीत विकला, तर तो आपल्या वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारातला माल झाला.

अशा ठिकाणी कामाला लागणाऱ्या तरुणाने, आणि उडू पाहणाऱ्यानेही, चार प्रश्न विचारावेत. हे साधन माणसासाठीच बनले आहे का? ते केव्हा बनले व त्याची मुदत केव्हा संपते? शेवटची तपासणी कोणी, कधी केली आणि तिचा कागद कोठे आहे? ते पहिल्या मालकाने का विकले? उत्तर 'मिलिटरीचा माल आहे' किंवा 'परदेशी आहे' एवढेच मिळाले, तर ते उत्तर नव्हे.

मग हा स्वस्त माल निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. पिशव्या, आडोसे, नाटकाचे पडदे, धान्यावरची आच्छादने यांसाठी तो उत्तम आहे. पॅराशूटच्या दोरीबाबत मात्र सावध असावे. ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलोंची म्हणून जी दोरी प्रसिद्ध आहे, तो आकडा स्थिर वजनाचा आहे. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय बाजारातील दोरी तीच आहे याची खात्री कोण देणार? माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कमरेला किंवा विहिरीत उतरणाऱ्याच्या काखेत ती बांधू नये.

वस्तू स्वस्त मिळाली म्हणून आनंद मानणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिच्यावर काय लटकणार आहे हे आधी ठरवावे. पोते लटकणार असेल तर भाव पाहावा. माणूस लटकणार असेल तर नोंदवही पाहावी.