पाचाडचा वाडा

गेल्या हिवाळ्यात रायगडदर्शनाचा योग आला. इंदूरहून निघताना मनात होते ते गड, राजसदर आणि महाराजांची समाधी. गडाच्या पायथ्याशी पाचाड गाव लागते. तेथील जिजाऊसाहेबांचा वाडा जाता जाता पाहावा, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात तेथून पाय निघेना.

वाडा म्हणावा असे छप्पर आज तेथे नाही. भक्कम तटबंदी, इमारतींची दगडी जोती आणि विहिरी एवढेच उरले आहे. एका विहिरीवर टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या आहे. म्हणून ती 'तक्क्याची विहीर'. येथे बसून जिजाऊ लोकांची विचारपूस करीत, असे सांगतात.

मला खिळवून ठेवले ते वाड्यामागील कारणाने. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. वरची थंड, वाऱ्याची हवा वृद्ध मातेस मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी हा वाडा बांधविला. राजधानी वर राहिली. आईचे घर मात्र तिच्या प्रकृतीला सोसेल तेथे झाले. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाड येथेच जिजाऊंनी देह ठेवला. त्यांची समाधीही गावातच आहे.

त्या जोत्यावर बसलो असता माझे मलाच ओशाळे वाटले. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे माझाही दवाखाना खाली आणि घर वर. आईने ऐंशी ओलांडली आहे. "वर करमत नाही रे," असे ती वर्षभर म्हणत होती. मी तिच्या तपासण्या केल्या, गुडघ्यांसाठी गोळ्या बदलल्या. जिन्याचा विचार केला नाही. रुग्णांना पायऱ्या नकोत म्हणून तळमजला त्यांना दिला होता आणि घरातली सर्वांत थकलेली व्यक्ती वर ठेवली होती.

परतल्यावर जुन्या नोंदवह्या आणि औषधांच्या नमुन्यांनी भरलेली खालची खोली रिकामी केली. आता आई सकाळी अंगणाच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. येणारा रुग्ण आधी तिच्याशी चार शब्द बोलतो, मग माझ्याकडे येतो. गोळ्या त्याच आहेत; तक्रार मात्र उरलेली नाही.

रायगडास जाल तेव्हा गड चढण्याची घाई करू नका. आधी पाचाडला थांबा.