चौक, बंद गल्ली आणि पायी चालणारा

शहर वाढले की रस्ते वाढतात, हे कोणीही सांगेल. ते एकमेकांना मिळतात काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते मोजण्याची रीत सोपी आहे. चौकाला चार वाटा फुटतात, तिठ्याला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एकच. नव्या वस्तीत बंद गल्ल्या फार झाल्या की नकाशावर पाठीला पाठ लावून असलेली घरे पायी किलोमीटरभर दूर जातात. कामावर जाता-येता एकेक किलोमीटरचा असा वळसा पडला, तर 300 दिवसांत 600 किलोमीटर होतात. मुंबईहून दोनदा पुण्यास जाऊन यावे इतके! ही जादा पाळी कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही.

अमेरिकेत हे ठरवून झाले. 1930 नंतरच्या दशकात घरकर्जाला विमा देणाऱ्या तेथील सरकारी खात्याने बंद गल्ल्यांची शिफारस केली. हेतू वाईट नव्हता. भरधाव मोटारी मुलांच्या दारातून जाऊ नयेत, एवढाच. पण मग दूध आणावयासही मोटार काढणे आले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नव्या वस्त्यांतील ही तुटकता 1994 च्या सुमारास कळसाला पोचली व पुढे ओसरू लागली. पण जे आखून झाले ते झाले. न्यूयॉर्कने 1811 साली आखलेले चौकटीचे रस्ते आजही तेथेच आहेत. इमारत पाडता येते. रस्त्याच्या दुतर्फा मालकी उभी राहिली की तो हलत नाही.

आपल्या मुंबईत दोन्ही तऱ्हा आहेत. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्यास आधी रस्ते आखले, घरे मागाहून उठली. शेजारच्या गिरणगावात मात्र गिरण्यांच्या भिंतींनी वाटा अडवल्या होत्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्या भिंती फोडून रस्ते आरपार नेता आले असते. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागेसाठी व घरांसाठी ठेवला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो इमारती नसलेल्या जमिनीपुरताच उरला. मग प्रत्येक मालकाने आपापल्या आवारात मनोरे उठवले. आज लोअर परळला उतरणारी नोकरदार मंडळी त्या आवारांना वळसा घालीत, जुन्याच अरुंद रस्त्यांनी कचेऱ्या गाठतात.