फादर आनंदी आहेत का? प्रार्थना, सेवा आणि मोजमापाची अडचण

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "हे तुम्ही मोजणार कसं?" सिनॉप्सिसमध्ये आपण 'समाधान', 'विश्वास', 'सक्षमीकरण' असे मोठे शब्द टाकलेले असतात आणि नेमकं याच प्रश्नाला घाम फुटतो. आज या प्रश्नाकडे एका वेगळ्या उदाहरणातून बघू. कॅथलिक धर्मगुरूंचा आनंद.

दावा जुना आणि साधा आहे. प्रार्थना आणि लोकांची सेवा यातून धर्मगुरूला आनंद मिळतो, असं चर्च सांगत आलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४च्या पवित्र गुरुवारी धर्मगुरूंसमोर जे प्रवचन केलं, ते सगळं याच आनंदावर होतं. आता संशोधक म्हणून आपण विचारायचं : हे तपासता येईल का? आणि तपासायला गेलो तर नक्की काय तपासू?

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे ज्यांना 'फादर' म्हणतात ते बहुतेक आजन्म अविवाहित असतात. काही जण जेझुइटांसारख्या एखाद्या संघाचे सभासद असतात आणि आपल्या बांधवांबरोबर राहतात. बाकीचे एका धर्मप्रांताचे. त्यांची नेमणूक आणि बदली बिशप करतात. रोजची मिस्सा, पापांची कबुली ऐकणं, आजाऱ्यांना भेटणं, लग्नं, अंत्यविधी, शिवाय अनेकदा शाळेचा कारभार आणि चर्चच्या छपराची गळती. घरी कुणी वाट बघत नसतं. अशा माणसाच्या आनंदाचा प्रश्न आहे हा.

पहिला मोठा पुरावा अमेरिकेतून येतो. स्टीफन रोझेटी हे स्वतः धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ. धर्मगुरूंवर मानसोपचार करणाऱ्या एका संस्थेचे ते प्रमुख होते. २००९मध्ये त्यांनी २,४८२ धर्मगुरूंचा सर्व्हे केला आणि २०११मध्ये त्यावर पुस्तक काढलं. 'धर्मगुरू म्हणून मी आनंदी आहे' या विधानाला ९२ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. आनंदाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो आंतरिक शांतीचा, आणि त्या शांतीमागे देवाशी असलेलं नातं ठळकपणे दिसलं. प्रार्थनेला जास्त वेळ देणाऱ्यांमध्ये थकवा कमी होता.

झालं की सिद्ध! असं वाटत असेल तर थांबा.

२०२२मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेतल्या एका प्रकल्पाने आणखी मोठा सर्व्हे प्रसिद्ध केला. दहा हजार धर्मगुरूंना प्रश्नावली गेली, ३,५१६ जणांची उत्तरं आली. निकालातले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ७७ टक्के धर्मगुरूंचं आयुष्य बहरलेलं आहे, म्हणजे त्या मोजपट्टीवर त्यांचे गुण चांगले आहेत. आणि ४५ टक्क्यांमध्ये बर्नआउटचं निदान एक तरी लक्षण आहे.

बेरीज करा. १२२ होते. शंभराच्या वरचे २२ टक्के कुठून आले? सोपं आहे : निदान २२ टक्के लोक दोन्ही गटांत आहेत. चांगलं चाललंय आणि दमलेतही. पेपर वाचताना अशी बोटावरची गणितं करायची सवय लावून घ्या. टेबलात जे लिहिलेलं नसतं ते पुष्कळदा अशा बेरजेत सापडतं.

म्हणजे आनंद आणि थकवा ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. ही कल्पना नवी नाही. नॉर्मन ब्रॅडबर्न या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६९मध्येच मांडलं होतं की सुखद भावना आणि दुःखद भावना वेगवेगळ्या मोजायला हव्यात, कारण एक कमी झाली की दुसरी आपोआप वाढते असं नाही. ब्रिटनमधल्या लेस्ली फ्रान्सिस यांनी हीच कल्पना धर्मसेवकांना लावली. त्यांच्या प्रश्नावलीत दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत, प्रत्येकी ११ विधानांच्या. एक भावनिक थकव्याची, दुसरी कामातल्या समाधानाची. २००५मधल्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या एका पेपरचं शीर्षकच 'आनंदी पण थकलेले?' अशा अर्थाचं आहे. यातून एक वेगळाच प्रश्न समोर येतो : थकवा तेवढाच असताना समाधान जास्त असेल, तर माणूस तग धरतो का? माझ्या मते 'प्रार्थनेने थकवा जातो का' यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे.

इतिहासातलं एक उदाहरण घेतलं की हे नीट कळतं. जाँ-मारी व्हियाने. १८१८मध्ये फ्रान्समधल्या आर्स नावाच्या जेमतेम अडीचशे वस्तीच्या खेड्यात हे धर्मगुरू म्हणून आले आणि १८५९मध्ये तिथेच वारले. पुढे त्यांची कीर्ती एवढी पसरली की पापांची कबुली द्यायला लांबून माणसं येत, आणि अखेरच्या वर्षांत ते दिवसाला सोळा-सोळा तास त्या लाकडी कोठडीत बसून असत. १९२९मध्ये त्यांना जगभरच्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरवण्यात आलं. म्हणजे आदर्शच! पण हेच व्हियाने आर्स सोडून जायला एकापेक्षा जास्त वेळा निघाले होते. कारण? कुठेतरी एकांतात राहून प्रार्थना करायची होती. दरवेळी ते परत आले, एकदा तर गावकऱ्यांनीच अडवलं.

आता त्यांना फ्रान्सिस यांची प्रश्नावली भरायला द्या. थकव्याच्या पट्टीवर बहुधा वरचे गुण. आणि ज्या दोन गोष्टींनी आनंद मिळतो म्हणतात, त्या प्रार्थना आणि सेवा, त्यांच्या बाबतीत एकमेकींचा वेळ खात होत्या. सेवा इतकी झाली की प्रार्थनेसाठी पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला ही ओढाताण माहीत होती. धर्मगुरूंविषयीच्या १९६५च्या दस्तऐवजातल्या चौदाव्या परिच्छेदात ती सरळ मान्य केली आहे : कामांच्या गर्दीत धर्मगुरू आपलं आंतरिक जीवन आणि बाहेरची धावपळ यांचा मेळ कसा घालणार? वेळापत्रक नीट आखून किंवा भक्तीचे प्रकार वाढवून एवढ्यानेच ते साधणार नाही, असंही तिथे म्हटलं आहे. मेळ बसतो तो लोकांसाठी स्वतःला देण्यातून, ख्रिस्ताने दिलं तसं. आणि त्याची मुळं प्रार्थनेत खोल जावी लागतात. धर्मशास्त्रीय दस्तऐवज म्हणून हे वाचा, पण त्यात एक तपासण्याजोगं गृहीतक दडलेलं आहे, तेही उचला. प्रार्थना किती मिनिटं केली यापेक्षा, ती कामाशी जोडलेली आहे की तुटलेली, यावर आनंद अवलंबून असावा.

इथे मोजमापाची खरी गोची सुरू होते. रोजची मिस्सा कुठल्या रकान्यात टाकणार, प्रार्थनेच्या की कामाच्या? मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला तेल लावून त्याच्याबरोबर पुटपुटलेले शब्द, ही सेवा की प्रार्थना? सर्व्हे म्हणतो, 'दररोज खासगी प्रार्थना किती मिनिटं?' म्हणजे फादरच्या दिवसातली बरीचशी प्रार्थना त्या रकान्याबाहेरच राहते. दोन व्हेरिएबल असे एकमेकांत मिसळलेले असतील तर रिग्रेशन चालवण्याआधी दहा माणसांशी तासन् तास बोलायला हवं. गाईड कितीही म्हणोत की 'आधी डेटा गोळा कर'.

आनंद या शब्दाचंही तसंच. इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत आनंदाला जवळचा शब्द आहे 'सांत्वन', आणि स्वतःच्या पापांबद्दल येणारे अश्रूसुद्धा त्यात धरले आहेत. उलट मन कोरडं पडलं, प्रार्थनेत राम वाटेना, तर त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये असा त्यांचा नियम आहे. या परंपरेत घडलेला माणूस 'मी आनंदी आहे' या वाक्यावर खूण करतो तेव्हा तो मागच्या आठवड्याच्या मूडबद्दल बोलत नसेल. कदाचित तो म्हणत असेल, मी जिथे आहे तिथे असायला हवा होतो. प्रश्नावलीला हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत.

कार्यकारणाची दिशा तर तुम्हाला कोर्सवर्कमध्ये शिकवतीलच. एकाच वेळी घेतलेल्या सर्व्हेतून प्रार्थनेने आनंद वाढला की आनंदी माणसालाच प्रार्थनेला बसवतं, हे ठरत नाही. पण मला त्याहून गंभीर वाटतो तो सॅम्पलचा प्रश्न. उत्तरं कोणी दिली? जे अजून धर्मगुरू आहेत त्यांनी. जे सोडून गेले त्यांना पत्र गेलंच नाही. डीन होग या समाजशास्त्रज्ञाने २००२च्या अभ्यासात ही फट बुजवायचा प्रयत्न केला. नव्याने दीक्षा घेतलेल्यांबरोबर, पहिल्या काही वर्षांतच बाहेर पडलेल्यांनाही त्यांनी विचारलं. बहुतेकांच्या बाबतीत सोडण्याआधी एक समान धागा दिसला : एकटेपणा, किंवा आपली कुणाला किंमत नाही ही भावना. मग कुणाच्या प्रेमात पडणं किंवा वरिष्ठांशी खटका उडणं असं काहीतरी घडलं आणि निर्णय झाला. नुसतं प्रेम पुरेसं नव्हतं, आधीचा एकटेपणा लागला.

२०२२च्या सर्व्हेतलीही एक गोष्ट याला जुळते. आपल्या बिशपवर विश्वास असलेल्यांची स्थिती चांगली होती, आणि संघात राहणाऱ्यांपेक्षा धर्मप्रांताच्या धर्मगुरूंमध्ये बर्नआउट जास्त होता.

हे सगळं का महत्त्वाचं? कारण 'प्रार्थना आणि आनंद यांचा सहसंबंध आढळला' हे वाक्य पेपरमधून बाहेर पडलं की त्याचा सल्ला बनतो. दमलेल्या तरुण फादरला कुणीतरी सांगतं, तुमची प्रार्थना कमी पडते. तीन धर्मग्रामांचं काम एकट्यावर टाकलंय, आजारी पडलो तर जेवण कोण आणेल हे माहीत नाही, आणि वर दोषही त्याचाच. आपण निष्कर्ष ढिसाळ लिहिला तर त्याची किंमत आपण मोजत नाही, तो मोजतो. आणि उलटी चूकही तितकीच वाईट : सगळं एकटेपणावर आणि कामाच्या ताणावर ढकलून, प्रार्थनेबद्दल तो माणूस जे सांगतो ते 'सामना करण्याची युक्ती' म्हणून बाजूला सारायचं. ज्याच्या आयुष्याचा तो कणा आहे त्याचं म्हणणं आपल्या परिभाषेत कोंबून लहान करणं हे संशोधन नव्हे.

आपल्याकडे हा अभ्यास कुणाला करायचा असेल तर वसईसारखी जागा नाही. तिथे चर्चचा व्यवहार मराठीत चालतो, धर्मगुरू मराठीत लिहितात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचंच बघा. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन, हरित वसईचं आंदोलन, बायबलचा मराठी अनुवाद, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. सेवा या रकान्यात हे सगळं कसं भरायचं? त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे 'नाही मी एकला'. होग यांच्या एकटेपणाच्या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचण्यासारखं शीर्षक आहे ते. आत्मकथन हाही डेटा असतो. तो सर्व्हेसारखा वाचायचा नसतो, एवढंच.

पद्धत म्हणून मी रोजनिशी सुचवेन. पंधरा-वीस धर्मगुरू, सहा आठवडे, रोज रात्री दोन-तीन मिनिटांची नोंद : आज काय केलं, थकवा किती, कुठल्या क्षणी बरं वाटलं. थकव्याची आणि समाधानाची पट्टी वेगळी. यातून एकाच माणसाचे वेगवेगळे दिवस ताडून बघता येतात, त्यामुळे 'मुळात आनंदी स्वभावाचे लोकच जास्त प्रार्थना करतात' हा आक्षेप बराच कमी होतो. पवित्र आठवडा मध्ये येईल असं वेळापत्रक ठेवा, कारण तेव्हा काम आणि प्रार्थना दोन्ही शिखरावर असतात. नोंदी बिशपांच्या कार्यालयात जाणार नाहीत, हे संमतीपत्रात ठळक लिहा, नाहीतर सगळेच आनंदी निघतील.

आणि मुलाखतीची सुरुवात 'तुम्ही आनंदी आहात का, फादर?' या प्रश्नाने करू नका. त्याचं उत्तर ते रविवारच्या प्रवचनात देऊन बसलेले असतात. "काल संध्याकाळी शेवटचा माणूस निघून गेल्यावर तुम्ही काय केलंत?" हे विचारा आणि गप्प बसा.